थोरल्याच्या महाविद्यालयात धाकटीला जागा मिळाली नाही, म्हणून काय?

प्रवेशाच्या याद्या लागल्या म्हणजे आपल्या वस्त्यांतून दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरी पेढे वाटले जातात, विहाराच्या फळ्यावर मुलाचे नाव खडूने लिहिले जाते, चौकात अभिनंदनाचा फलक लागतो. दुसऱ्या घराचे दार दिवसाढवळ्या ओढून घेतलेले असते. या दोन घरांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे. परंतु पेढे आणि ओढलेले दार ही दोन्ही एकाच घराच्या वाट्यास येतात, तेव्हा त्या घरात काय घडते, याचा विचार आपल्या समाजाने फारसा केलेला नाही. थोरला भाऊ दोन-तीन वर्षांपूर्वी ज्या महाविद्यालयात दाखल झाला, त्याच महाविद्यालयाच्या यादीत धाकट्या बहिणीचे नाव शोधून सापडत नाही. ज्या आईने थोरल्याच्या वेळी साऱ्या आळीत साखर वाटली, तीच आई आता कोणी विचारू नये म्हणून नळावर उशिरा जाते. अशा घरांस आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

ज्या समाजात तीन-चार पिढ्या महाविद्यालयीन शिक्षण चालत आले, त्या समाजातील घरास या प्रसंगाचे फारसे काही वाटत नाही. एक भाऊ पुण्यास, दुसरा सांगलीस, बहीण मुंबईस, असे तेथे नित्य घडते. मामा, आत्या, काका यांपैकी कोणी ना कोणी प्रत्येक शहरात शिकून गेलेले असते. आपली गोष्ट वेगळी आहे. आपल्या घरास अद्याप एकच रस्ता ठाऊक झालेला असतो, आणि तो थोरल्याने काढलेला असतो. कोणत्या गाडीने जावयाचे, वसतिगृहाचा अर्ज कोणत्या खिडकीवर द्यावयाचा, खानावळ कोठे स्वस्त, शिष्यवृत्ती कोणत्या महिन्यात जमा होते, हे सारे ज्ञान त्या एका महाविद्यालयापुरते घरात आलेले असते. म्हणून त्या महाविद्यालयाने धाकटीस नाकारले की घरास ते एका संस्थेचे उत्तर वाटत नाही. शिक्षणाचाच रस्ता बंद झाला असे वाटते. दुःखाचे मूळ येथे आहे. मुलीची बुद्धी कमी पडली, हे त्याचे मूळ नव्हे.

आणि धाकटे अपत्य जर मुलगी असेल, तर धोका दुप्पट होतो. "दादा तेथे आहे म्हणून पाठवीत होतो," हे वाक्य अनेक घरांतून ऐकू येते. याचा अर्थ असा की, मुलीच्या शिक्षणास घराने दिलेली संमती तिच्या गुणांवर उभी नव्हती. ती भावाच्या सोबतीवर उभी होती. सोबत गेली की संमतीही जाते. पुण्याची यादी हुकली, कराडास किंवा अमरावतीस जागा मिळत आहे, पण "परक्या गावी एकटी मुलगी कशी राहील?" मग तालुक्याच्या ठिकाणी मिळेल त्या शाखेत नाव घालावयाचे, आणि वर्ष-दोन वर्षांत स्थळे पाहू लागावयाचे. महाविद्यालयाने मुलीस एका शाखेसाठी नाकारले होते. घराने तिला सर्वच शाखांसाठी नाकारले. पहिल्या नकारापेक्षा हा दुसरा नकार आम्हांस अधिक भयंकर वाटतो, कारण तो देणारे हात मायेचे असतात आणि त्याविरुद्ध तक्रार नोंदविण्याची खिडकी कोठेही नसते.

२० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे अस्पृश्य महिलांची परिषद भरली होती. त्या परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती आपण स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो असे सांगितले, आणि मुलामुलींची लग्ने उरकण्याची घाई करू नका, असे आईबापांस बजाविले. त्या सभेस आलेल्या बहुतेक स्त्रियांस अक्षरओळखही नसेल. त्यांच्या नाती-पणती आज अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेस बसत आहेत, आणि त्यांस आपण परके गाव म्हणून अडवावे काय?

आता यादीविषयी बोलू. यादी म्हणजे काय, हे नीट समजले तर निम्मे दुःख आपोआप उतरते. महाराष्ट्राच्या सामायिक प्रवेशपरीक्षेत मिळणारा पर्सेंटाईल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. मुलीस ९० पर्सेंटाईल मिळाले याचा अर्थ असा की, परीक्षेस बसलेल्यांपैकी शंभरातील नव्वद जण तिच्या बरोबरीने किंवा तिच्या मागे आहेत. आणि 'कट-ऑफ' म्हणून जो आकडा लोक तोंडाने घोकतात, तो महाविद्यालयाने आधी ठरविलेली पायरी नसते. त्या वर्षी, त्या शाखेत, त्या प्रवर्गात शेवटची जागा ज्या विद्यार्थ्यास मिळाली, त्याचा तो आकडा असतो. दर वर्षी तो बदलतो. एकाच इमारतीत स्थापत्य शाखेची यादी जेथे थांबते, त्याच्या कितीतरी वर संगणक शाखेची यादी थांबते. तेव्हा थोरल्याने तीन वर्षांपूर्वी एका शाखेत मिळविलेली जागा आणि धाकटीने यंदा दुसऱ्या शाखेत गमावलेली जागा, यांची तुलना करणे म्हणजे एका वर्षाचा पाऊस दुसऱ्या वर्षाच्या विहिरीत मोजणे होय. धाकटीचा आकडा थोरल्याच्या आकड्याहून वर असूनही तिला जागा न मिळणे शक्य असते. घरात बसून 'हा हुशार, ही बेताची' असा निवाडा देणाऱ्या काका-मामांनी एवढे तरी गणित करावे.

आणखी एक गोष्ट. भाऊ आत शिकत आहे म्हणून बहिणीस आत घ्यावे, असा अधिकार या प्रवेशपद्धतीत नाही; आणि तो नाही हे आम्हांस योग्यच वाटते. ज्या व्यवस्थेत बापाची किंवा भावाची ओळख पाहून दार उघडते, त्या व्यवस्थेत आपल्यासाठी दार कधीच उघडले नव्हते. नात्यागोत्याने मिळणाऱ्या जागांचे सर्वांत मोठे बळी आपण होतो. आज यादी निष्ठुर वाटत असली तरी तिच्यात आडनाव पाहून पुढे-मागे करता येत नाही, हा तिचा गुण विसरून चालणार नाही.

येथे आपल्या वडीलधाऱ्यांच्या मनातील एक जुनी जखम ध्यानात घेतली पाहिजे. 'नाकारले' हा शब्द ऐकताच त्यांस शाळेच्या बाहेर बसविलेली मुले आठवतात. बाबासाहेबांस शाळेत संस्कृत शिकू दिले नाही, त्यांस पर्शियन घ्यावी लागली. तो नकार जन्मामुळे होता, आणि त्याविरुद्ध लढणे हाच त्यावर उपाय होता. यंदाची यादी हा त्या जातीचा नकार नाही. दोहोंत गल्लत केली तर दोन प्रकारची हानी होते. मुलगी स्वतःस अपमानित समजते. आणि जेथे खरोखरच अन्याय झालेला असतो, तेथे लढण्याची आपली धार बोथट होते. कच्ची गुणवत्तायादी लागल्यावर तक्रार नोंदविण्यास मुदत दिलेली असते. प्रवर्ग चुकीचा पडला, गुण चुकीचे चढले, कागद दिला असूनही 'नाही' म्हणून दाखविला, तर त्या मुदतीत लेखी तक्रार करावी आणि पोच घ्यावी. मुदत उलटल्यावर कपाळाला हात लावण्यात अर्थ नाही.

नवदीक्षित कुटुंबांस या प्रसंगी एक विशेष टोमणा ऐकावा लागतो. "थोरल्याच्या वेळी तुम्ही जुन्या धर्मात होता तेव्हा देव पावला, आता धर्म सोडला, बघा काय झाले!" असे सांगणारे शेजारी आणि पाहुणे कमी नाहीत. काही जण याहून चतुर असतात. ते देवाचे नाव न घेता कायद्याचे नाव घेतात, आणि धर्मांतरामुळे सवलत गेली म्हणून मुलीस जागा मिळाली नाही, असे पसरवितात. ही गोष्ट साफ खोटी आहे. महाराष्ट्र राज्याच्या शैक्षणिक सवलती १९६० नंतर नवबौद्धांस मिळू लागल्या. आणि १९९० साली संसदेने अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा त्यात समावेश केला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या विद्यार्थ्यांस राज्याच्या संस्थांतील १३ टक्के जागांत आणि केंद्राच्या संस्थांतील १५ टक्के जागांत हक्क आहे. धर्मांतराने तो हिरावला जात नाही. अडचण येते ती कागदांत. थोरल्याचे नाव शाळेत घालताना एक नोंद झालेली असते, दीक्षेनंतर धाकटीच्या वेळी दुसरी नोंद होते, आणि दोन दाखले एकमेकांशी बोलेनासे होतात. हा धम्माचा दोष नव्हे, कारकुनीचा प्रश्न आहे, आणि तो वेळेवर हाती घेतला तर सुटतो. कसा, ते पुढे सांगतो.

कायद्याने ज्यांचे समाधान होत नाही ते मग दैवाकडे वळतात. "तिच्या नशिबातच नव्हते," "मागच्या जन्मीचे काहीतरी असेल." बावीस प्रतिज्ञा घेऊन ज्यांस अद्याप वर्षही झाले नाही, अशा घरांतूनही पत्रिका दाखवून आणण्याची भाषा निघते, याचे आम्हांस दुःख होते, आश्चर्य मात्र वाटत नाही. शतकानुशतके अंगावर वागविलेले वस्त्र एका दिवसात उतरत नाही. अशा घरांसाठी पाली अट्ठकथांतील एक जुनी गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे, कारण ती नेमकी याच प्रसंगाची गोष्ट आहे.

राजगृहात महापन्थक आणि चूळपन्थक असे दोन भाऊ होते. वाटेवर जन्मले म्हणून त्यांची अशी नावे पडली. थोरला संघात गेला, कष्टाने अर्हतपदास पोहोचला, आणि आपल्याला लाभले ते धाकट्यासही लाभावे म्हणून त्याने चूळपन्थकास संघात आणले. धाकट्यास एक गाथा पाठ करावयास दिली. चार महिने झाले तरी ती एक गाथा त्याच्या ध्यानात राहीना. पुढची ओळ शिकावी तो मागची निसटे. अखेर थोरल्या भावानेच त्यास सांगितले की, तू या विहारात राहण्याच्या योग्यतेचा नाहीस, घरी जा. एवढ्यावर तो थांबला नाही. जीवकाने भिक्षुसंघास भोजनाचे आमंत्रण दिले होते. भिक्षूंची गणना महापन्थकाकडे होती. त्याने त्या गणनेतून सख्ख्या भावाचे नाव गाळले. दुसऱ्या दिवशी पहाटे चूळपन्थक विहार सोडून निघाला, तेव्हा बुद्धाने त्यास दाराशी गाठले. त्यांनी त्यास पुन्हा गाथा पाठ करावयास लावली नाही. एक स्वच्छ वस्त्र हातात दिले आणि ते चोळीत बसावयास सांगितले. चोळता चोळता वस्त्र मळले. शुद्ध वस्तू कशी पालटते, काही म्हणून स्थिर कसे राहत नाही, हे त्याने आपल्या हातांत पाहिले. आणि जे शब्दांतून उमगले नव्हते ते त्यास तेथे उमगले. तिकडे भोजनाच्या वेळी बुद्धाने पात्रावर हात ठेवला आणि विहारात अजून एक भिक्षु राहिला आहे, असे सांगितले.

या कथेस पुढे चमत्कारांची जोड दिलेली आहे, आणि चूळपन्थकाची मंदबुद्धी कोणत्या पूर्वजन्मामुळे आली हेही तीत सांगितले आहे. तो भाग आम्ही बाजूस ठेवतो. बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माच्या कल्पनेचे काय केले, हे वाचकांस ठाऊक आहे. आमच्या कामाची गोष्ट एवढीच की, थोरल्याची शिकण्याची पद्धती ही शिकण्याची एकमेव पद्धती आहे, असे महापन्थकाने धरले. बुद्धाने तसे धरले नाही. धाकट्यास नालायक ठरविण्याऐवजी त्यांनी साधन बदलले. आपल्या घरात बुद्धाची तसबीर लावणाऱ्याने धाकटीच्या बाबतीत महापन्थकाची नक्कल करावी, हे विसंगत नाही काय?

थोरल्या भावास आमचे सांगणे थोडे परखड आहे. बहिणीस जागा मिळाली नाही, यात तुझा दोष नाही. परंतु त्यानंतर घरात तू कसा वागतोस, यास तू जबाबदार आहेस. सुटीत घरी आल्यावर महाविद्यालयाच्या गप्पा रंगवून सांगू नकोस, हे तुला कोणी सांगावयास नको. त्याहून महत्त्वाचे काम दुसरे आहे. तुझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला तूच एक आहेस. नव्या महाविद्यालयाचा पत्ता काढणे, तेथील मुलींचे वसतिगृह पाहून येणे, तेथे आपल्या समाजाची कोण मुले शिकत आहेत हे विचारणे, ही कामे बाप करू शकणार नाही, कारण त्यास ती माहीत नाहीत. पहिल्या दिवशी बहिणीबरोबर तू जा. आणि "तिला परक्या गावी पाठवू नका" असे घरात कोणी म्हणाले, तर पहिला विरोध तुझा असावा. आनंदराव आणि भीमराव या भावांची गोष्ट तू ऐकली असशील. सुभेदार रामजींस दोन्ही मुलांच्या शिक्षणाचा खर्च झेपेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांचे शिक्षण थांबले, त्यांनी नोकरी धरली, आणि धाकट्याचे शिक्षण चालू राहिले. आज तुला तुझे शिक्षण सोडण्यास कोणी सांगत नाही. आनंदरावांनी जे केले त्याच्या शतांशही तुजकडे मागितलेले नाही.

धाकटीशी मात्र आम्हांस वेगळ्या स्वरात बोलावयाचे आहे. तुला वाईट वाटत असेल तर वाटू दे. दोन वर्षे जे नाव उराशी धरले ते यादीत नसावे, हे दुःख खरे आहे. 'काही नाही, होते असे' म्हणून कोणी ते पुसू नये. भावाचा हेवा वाटला तरी त्यात पाप नाही. मन आहे, त्यास वाटणारच. परंतु त्या एका आकड्यावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस. एल्फिन्स्टन हायस्कुलातून १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांस ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या शिकवणीवर्गांनी त्या विद्यार्थ्याचे छायाचित्र आपल्या फलकावर लावले नसते. पुढे लंडनच्या विद्यापीठात डी.एस्सी.साठी त्यांनी दिलेला प्रबंधही परीक्षकांनी पहिल्या खेपेस तसाच स्वीकारला नाही. तो दुरुस्त करून पुन्हा द्यावा लागला, आणि १९२३ साली पदवी मिळाली. आपण केवळ ती पदवी पाटीवर वाचतो.

आईबापांनी एवढे पाहावे की, मूल बोलेनासे झाले, जेवण टाळू लागले, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा करू लागले, तर ते नाटक समजू नये आणि त्यास एकटे ठेवू नये. शासनाची 'टेलिमानस' ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे; तेथे मराठीत बोलता येते व पैसे पडत नाहीत. मनाचा आजार लपवावा लागतो, ही समजूतही जुन्या अंधश्रद्धांपैकीच एक आहे.

आता व्यवहार. केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या फेऱ्या अनेक असतात. पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून पसंतीचा अर्ज सोडून देणारे पालक आहेत. काहींनी तर भावाच्या महाविद्यालयाखेरीज दुसरे नावच अर्जात लिहिलेले नसते, आणि मग कोठेच जागा मिळाली नाही म्हणून रडतात. पसंतीक्रमात आवडते नाव अगदी वर ठेवावे, परंतु खाली भरपूर नावे भरावीत. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावी लागते. खालची मिळाली तर ती धरून ठेवून पुढील फेरीत वरची मिळते का, हे पाहण्याची सोय असते. त्या वर्षीचे नेमके नियम माहितीपुस्तिकेत छापलेले असतात. ते शेजाऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचावेत.

पुण्याचे १८५४ साली सुरू झालेले अभियांत्रिकी महाविद्यालय, जे २०२२ पासून तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, किंवा मुंबईचे १८८७ सालचे व्हीजेटीआय, यांची नावे मोठी आहेत यात शंका नाही. पण महाराष्ट्रातील अभियंते या दोनच इमारतींतून निघाले नाहीत. कराड आणि औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये १९६० ची, अमरावतीचे १९६४ चे. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे. आणि लोणेरे येथे तर बाबासाहेबांच्याच नावाचे तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. केवळ भावाच्या महाविद्यालयाचे नाव लागावे म्हणून मुलीचे एक वर्ष फुकट घालविणे आम्हांस मान्य नाही. वैद्यकीय शाखेसाठी पुन्हा परीक्षा देणे कधी कधी योग्य असते. पण तेथेही मुलीची इच्छा विचारावी, बापाची प्रतिष्ठा नव्हे. पदविका घेऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळविण्याची वाटही खुली आहे.

शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून परगावचे शिक्षण सोडू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून बाबासाहेबांच्या नावे स्वाधार योजना चालू आहे. वसतिगृह न मिळालेल्या विद्यार्थ्यांस राहणे, जेवण आणि शैक्षणिक साहित्य यांसाठी तीतून रक्कम मिळते. अर्ज समाजकल्याण खात्याकडे करावयाचा असतो. बॅंकेचे खाते आधाराशी जोडलेले नसेल तर रक्कम अडकते, हे आधीच पाहून ठेवावे.

राहिला जातवैधतेचा कागद. राखीव जागेवरील प्रवेश हा कागद मुदतीत न दिल्यास जातो, आणि दरवर्षी आपली कितीतरी मुले गुण असूनही या एका कागदापायी जागा गमावतात. ज्या घरात थोरल्याचे वैधता प्रमाणपत्र झालेले आहे, त्या घराचे काम बरेच हलके होते. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाचे प्रमाणपत्र हा समितीपुढे महत्त्वाचा पुरावा मानला जातो, आणि शाळेच्या नोंदी दोन प्रकारच्या झाल्या असतील तर त्यांचा मेळ घालण्यासही तो उपयोगी पडतो. अर्ज अकरावी-बारावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जिल्हा पडताळणी समितीकडे करावा. सोबत आजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावची जुनी नोंद, वडिलांचा दाखला, मुलीचा दाखला आणि भावाचे प्रमाणपत्र जोडावे. ते प्रमाणपत्र बहुधा भावाच्या पेटीत, त्याच्या वसतिगृहातच असते. या सुटीत त्याने ते घरी आणून त्याच्या चार प्रती काढाव्यात व एक आईजवळ ठेवावी.